सोलापुरातलं जुनं घर कुठून तापतं आणि वीज कुठे जाते, हे तपासायचं कसं

सोलापूरच्या जुन्या पेठांतलं घर क्वचितच एका काळात बांधलेलं असतं. पुढचा भाग दगडी भिंतींचा आणि माळवदाचा (लाकडावर मातीच्या छताचा), मागे सत्तर-ऐंशीच्या दशकात ओतलेला स्लॅब, वर नंतर चढवलेली पत्र्याची खोली, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून घरामधल्या उघड्या चौकावर टाकलेलं फायबरचं शीट. शुक्रवार पेठ, साखर पेठ, बाळीवेस, मंगळवार पेठ, कुठेही गेलात तरी हीच रचना थोड्याफार फरकाने दिसते. लोक म्हणतात, "घर जुनं आहे, म्हणून तापतं." मोजून पाहिलं की बहुतेक वेळा उलटं निघतं. जुना भाग सगळ्यात थंड असतो, त्याला नंतर जोडलेले भाग तापतात. म्हणून अशा घराची तपासणी अख्ख्या घराची एकदम न करता खोली-खोलीची, आणि खरं तर छत-छताची करावी लागते.

हे आधी केलं नाही तर पैसे चुकीच्या जागी जातात. दीड टनाचा एसी उघड्या स्लॅबखाली लावला, तर तो आयुष्यभर स्लॅबशी झगडत राहतो. तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, तर त्यातली निम्मी वीज छतातून येणारी उष्णता बाहेर काढण्यात खर्च होऊ शकते. आधी उष्णतेची वाट शोधायची, मग उपकरणं पाहायची आणि सोलर सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नये असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात बिलापासून

महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो. त्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या युनिटांवर खूण करा. हा घराचा पायाभूत वापर: फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर. गीझर असेल तर तोही याच महिन्यांत जास्त चालतो, तेवढं वजा धरा. आता एप्रिल-मेचे आकडे पाहा. समजा, जानेवारीत ११० युनिट आणि मेमध्ये २९० आहेत, तर १८० युनिट केवळ उन्हाळ्याचे. घर सुधारून वाचतील ते यातलेच. उलट जानेवारीतही २०० आणि मेमध्ये २४० असतील, तर छतावर खर्च करून बिल फारसं उतरणार नाही. तिथे जुना फ्रिज, गळकं वायरिंग किंवा सतत चार्ज होणारा इन्व्हर्टर शोधायचा.

घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता त्या टप्प्याच्या दराने करा, नाहीतर चांगलं कामही न परवडणारं वाटतं.

मीटरवरचा लाल दिवा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुका ते छापलेलं असतं: १६००, ३२०० किंवा ६४००. हे घरातलं सगळ्यात अचूक आणि फुकटचं उपकरण आहे. ३२०० चं मीटर असेल तर दोन लुकलुकांमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॉटमध्ये येतं. पंधरा सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे ७५ वॉट: जुना एक पंखा. १६०० च्या मीटरला ११२५ ऐवजी २२५० घ्या, ६४०० ला ५६२. दहा लुकलुकांचा वेळ मोजून दहाने भागलं तर चूक कमी होते.

पहिली चाचणी अशी. मेन स्विच चालू ठेवा, घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचे प्लग काढा. दिवा दहा मिनिटं स्थिर राहायला हवा. तरी लुकलुकतोय? मग सेट-टॉप बॉक्स, पाण्याचं फिल्टर, वायफाय किंवा दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर राहिलाय का ते पाहा. तेही काढल्यावर लुकलुक थांबली नाही, तर कुठेतरी वीज गळतेय. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये इन्सुलेशन कडक होऊन तडकतं आणि ओल्या दगडी भिंतीतून करंट जमिनीत जातो. बऱ्याच मीटरांवर अर्थ-गळतीचा वेगळा दिवा असतो, तो पेटलेला आहे का पाहा. ही बचतीआधी जिवाची गोष्ट आहे. अशा घरात बाकी काही करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. तो बसवल्यावर सारखा पडत असेल तर काढून टाकायचा नाही. तो गळती दाखवतोय, ती शोधायची.

दुसरी चाचणी: फ्रिज एकटा चालू ठेवून रात्रभराचे युनिट घ्या, किंवा सरळ प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून २४ तासांचा आकडा घ्या. बारा-पंधरा वर्षांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट घेतो. चांगल्या स्टारचा नवा एकदारी फ्रिज अर्ध्या ते पाऊण युनिटात भागवतो. बदलण्याआधी दाराचं रबर तपासा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. ती सहज निघाली तर तिथून थंडावा जातोय, आणि रबर बदलणं फ्रिज बदलण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभा असेल तर आधी त्याची जागा बदला. स्टारचं लेबल वाचताना त्यावरचा कालावधीही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या काळातले पाच स्टार आजच्या पाचांच्या बरोबरीचे नसतात.

पाण्याच्या मोटरबद्दल मात्र फार चिंता नको. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हौदातून टाकीत चढवावं लागतं, म्हणून मोटर खूप खाते असं वाटतं. अर्ध्या एचपीची मोटर सुमारे ५५० वॉट घेते. हजार लिटरला पाऊण तास लागला तर अर्धं युनिटसुद्धा जात नाही. दीड तास लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपच्या टोकाची झडप) गळतोय, सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय किंवा बोअरच्या क्षारांनी इंपेलर (पंपातलं फिरणारं पातं) भरलाय. ते दुरुस्त करा आणि पुढे चला.

ज्या घरात माग चालतो, तिथे त्याचं कनेक्शन आणि घरगुती वापर तपासणीत एकत्र करू नका. एवढं मात्र ध्यानात ठेवा की मोटरने ओढलेली जवळपास सगळी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता बनते. एक एचपीचा माग दिवसभर राहत्या खोलीत चालत असेल, तर ती खोली कूलरने थंड होणार नाही. आधी वर गरम हवेला वाट हवी.

तापमान कधी आणि कुठे मोजायचं

हजार-दीड हजारात इन्फ्रारेड तापमापक मिळतो, बंदुकीच्या आकाराचा. सोबत दोन साधे तापमान-आर्द्रता दाखवणारे डिजिटल काटे घ्या. एक बाहेर उत्तरेच्या सावलीत टांगा, दुसरा ज्या खोलीचा त्रास होतो तिच्या मध्यावर, छातीच्या उंचीला. मोजणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, निरभ्र दिवशी, तीन वेळा: पहाटे साडेपाच-सहाला, दुपारी चारला आणि रात्री दहाला. प्रत्येक वेळी छताचा खालचा पृष्ठभाग, चारही भिंती, फरशी, असे सहा आकडे वहीत लिहा. फोनमधल्या होकायंत्राने कोणती भिंत कोणत्या दिशेची ते आधी नोंदवा. पेठांमधली घरं रस्त्याप्रमाणे तिरकी असतात, अंदाज चुकतो.

चमकदार पत्र्यावर हा तापमापक खोटं सांगतो. पत्रा ६० अंशांवर असला तरी तो ४० च्या आसपास दाखवू शकतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. पत्र्यावर कागदी मास्किंग टेपचा हातभर तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

आता आकड्यांचा अर्थ. दुपारी चारला किंवा रात्री दहाला छत आतल्या मधल्या भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल, तर दोषी छत. छत ठीक आणि एकच बाहेरची भिंत गरम असेल, तर ती बहुतेक पश्चिमेची. सगळे पृष्ठभाग सारखेच, पण रात्री दहाला खोलीची हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल, तर उष्णता आत शिरणं हा मुख्य प्रश्न नाही, ती बाहेर पडत नाही हा आहे. तिथे खिडक्या आणि झरोके पाहायचे.

तीन छतं, तीन स्वभाव

माळवद. तुळ्या, त्यांवर सरे (बारीक आडवी लाकडं), वर फळ्या किंवा किलचन (लाकडाच्या चिपा) आणि त्यावर फूटभर माती. फूटभर मातीतून उष्णता हळू उतरते, दुपारचा तडाखा आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर त्याचा जोरही गेलेला असतो. वर पांढऱ्या मातीचा थर असेल तर ऊनही बरंचसं परतवलं जातं. ऊर्जेच्या दृष्टीने चांगल्या माळवदावर काहीही करायची गरज नसते. तपासायचं ते त्याचं आरोग्य. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला तर लाकूड कुजलंय. हातोडीने हलकं ठोकून भरीव आणि पोकळ आवाजातला फरक ऐका. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधा. साण्याच्या (छतातल्या उजेडाच्या भोकाच्या) कडेला मातीची जाडी मोजा. दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकत गेल्याने ती दीड-दोन फुटांवर जाते. फूटभर मातीचं वजनच चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास असतं, दोन फुटांना हजार. जुन्या लाकडावर हा धोका आहे. गळती थांबवायची म्हणून वर सिमेंटचा थर किंवा प्लास्टिक टाकण्याची पद्धत फार नुकसान करते: मातीतली ओल वर जाऊ शकत नाही, खाली लाकडाकडे वळते आणि काही वर्षांत तुळ्या आतून कुजतात. जुनी माती सुरक्षित जाडीपर्यंत उतरवून, पन्हाळीकडे उतार नीट करून, पुन्हा पांढरी माती टाकणं हाच उपाय आहे.

स्लॅब. चार ते सहा इंचांच्या काँक्रीटचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून जाणारे वॉट, साधारण ३.५ असतो. घरांसाठीच्या इको निवास संहितेत (२०१८) छताला १.२ ची मर्यादा आहे. यावरून उघडा स्लॅब किती मागे आहे ते कळतं. १२ बाय १५ फुटांची खोली म्हणजे १६.७ चौरस मीटर. मेमधल्या संध्याकाळी, छताला लागलेलं ऊन जमेस धरून, आत-बाहेरचा फरक १८ अंश धरला तरी १६.७ गुणिले ३.५ गुणिले १८, म्हणजे हजार वॉटच्या वर. खोलीत एक हीटर तासन्‌तास चालू ठेवावा तशी ही उष्णता वरून येत राहते. शिवाय दुपारी तापलेला स्लॅब खाली सर्वाधिक गरम होतो तो संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान, आणि मध्यरात्रीपर्यंत फेकत राहतो. पंखा लावला की गरम वारा अंगावर येतो तो यामुळेच.

पत्रा. याला थोपवणारं काहीच नाही. ऊन आलं की तापतो, मावळलं की तासाभरात निवतो. दुपारी असह्य, रात्री बरा.

यातून एक बिनखर्ची सुधारणा निघते, आणि ती फार थोडी घरं करतात: खोल्यांचा वापर वेळेप्रमाणे बदलणं. दुपार माळवदाखाली, रात्रीची झोप पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर, आणि स्लॅबची खोली उन्हाळ्यात संध्याकाळी शक्यतो रिकामी. म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या बाळाची जागा तरी यावरून ठरवा.

स्लॅबवर काय करावं

पहिला उपाय चुन्याचा. गच्ची पांढरी केली की दुपारी पृष्ठभागाचं तापमान सहज १२-१५ अंशांनी उतरतं. ५०० चौरस फुटांच्या आसपासच्या गच्चीला पुरेल इतका कळीचा चुना आदल्या दिवशी पिंपात भिजवा आणि फडक्यातून गाळून घ्या. भिजताना तो उकळतो, डोळे आणि मुलं दोन्ही सांभाळा. लावताना पाच किलो चुन्याला एक किलो पांढरं सिमेंट आणि पाव किलो फेव्हिकॉलसारखा बाइंडर, या मापाने थोडं-थोडं कालवा, कारण सिमेंट घातलेलं मिश्रण तासाभरात लावून संपलं पाहिजे. गच्ची खराट्याने झाडून, धुऊन, किंचित ओली असताना उन्हं उतरल्यावर पहिला हात द्या. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याला आडवा. वरून तिसरा पातळ हात दिला तर उत्तम. कोरड्या, तापलेल्या स्लॅबवर दुपारी लावलेला चुना पापुद्रे धरून निघतो, आणि मग "चुना टिकत नाही" अशी तक्रार होते. धूळ बसली की परावर्तन घटतं, पावसात थर झिजतो, म्हणून हे दरवर्षीचं काम. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची) उरकल्यावर गच्चीची दुरुस्ती आणि पाडव्याआधी चुना, असा बेत बसवला की मजूरही मिळतात आणि ऊन वाढायच्या आत काम होतं. गच्चीचं पाणी साठवत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं वाहून जाऊ द्या.

तयार परावर्तक रंग महाग पडतो, पण चार-पाच वर्षं चालतो. घेताना डब्यावरचा एसआरआय (ऊन परतवण्याचा निर्देशांक) १०० च्या जवळपास आहे का पाहा. केवळ "कूल" लिहिलेल्या डब्यावर विसंबू नका. चायना मोझॅक (फुटक्या चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर) सगळ्यात टिकाऊ, पण खालचा कोबा आणि वरचं मोझॅक यांचं वजन आधी स्लॅबला पेलायला हवं.

दुसरा उपाय छताच्या वरून इन्सुलेशन. क्रम असा: सुटलेला कोबा काढा, भेगा भरा, वॉटरप्रूफिंग करा आणि गच्ची पाण्याने भरून ४८ तास ठेवून गळती तपासा. मग ५० मिलिमीटरचे एक्सपीएस (दाट फोमचे) बोर्ड, घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर, सांधे एकमेकांना चिकटवून टेप लावलेले. त्यावर जिओटेक्स्टाइलचा कपडा, मग कोंबडीजाळी घालून ४०-५० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर, शंभरास एक उतार देऊन. वर पांढऱ्या फरशा किंवा मोझॅक. यू-व्हॅल्यू ३.५ वरून ०.५ च्या आसपास येतो, म्हणजे वरच्या हिशेबातले हजार वॉट दीडशेवर. बिघडतं ते दोन ठिकाणी: बोर्डांच्या सांध्यांत फटी राहतात, आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवलेलं नसतं, मग पाणी बोर्डाखाली शिरून खोलीत कुठे गळतं ते सापडतच नाही.

मात्र ५० मिलिमीटरच्या थराचं वजन चौरस मीटरला १२० किलो होतं. खालून गजांचा गंज दिसतोय, प्लास्टरचे पोपडे पडतायत, स्लॅब मध्ये झुकलाय, अशी एकही खूण असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एक घमेलंही वर चढवू नका. अशा स्लॅबला फक्त चुना किंवा रंग.

खालून फॉल्स सीलिंग करून आत थर्माकोल भरणं सोपं वाटतं, पण स्लॅब उन्हात तसाच भाजत राहतो, त्याच्या भेगा वाढत राहतात, गळती झाकली जाते आणि पंखा खाली येतो. भाड्याच्या घरात किंवा वरचा मजला दुसऱ्याचा असेल तरच मी ते सुचवेन. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारणंही नको. पाणी उडताना उष्णता घेतं हे खरं, पण आठवड्यातून एक-दोनदा येणाऱ्या पाण्याच्या शहरात ते परवडत नाही, आणि तापलेला स्लॅब रोज ओला-कोरडा झाल्याने बारीक भेगा वाढतात.

पत्र्याखाली सीलिंग करायचं तर पत्रा आणि सीलिंग यांत सहा ते नऊ इंच पोकळी ठेवा, आणि ती दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवा. पोकळी बंद केली की भट्टी होते. फॉइलचं शीट लावलं तर त्याची चमकदार बाजू पोकळीकडे हवी. पत्र्याला चिकटवलं की त्या बाजूचा उपयोग संपतो. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना भोकं पाडू नका, कापू नका, घासू नका. वरून पांढरा रंग द्या, तोही कोरडं न घासता.

चौकावरचं शीट हे जुन्या वाड्याचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. चौक हे घराचं धुरांडं होतं, गरम हवा तिथून वर जायची. शीट लावून त्याच्या कडा भिंतीशी बंद केल्या की ती हवा घरातच फिरते आणि पारदर्शक शीटमधून ऊन आत येतं ते वेगळंच. शीट दीड फूट वर उचलून चारही बाजूंना जाळी लावली तरी पाऊस थांबतो आणि हवा जाते. उन्हाळ्यापुरती वर हिरवी नेट ताणा.

पश्चिम भिंत, खिडक्या, झरोके

सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बाराच्या पुढे पंचवीसेक मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला त्या दिवसांत छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेला मात्र चारला सूर्य ३९ अंशांवर आणि पाचला २५ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जाची सावली पाच वाजता खिडकीवर फूटभरसुद्धा उतरत नाही. म्हणून पश्चिमेला छज्जा लांबवण्यावर खर्च करू नका. खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचं तट्ट सोडा. आतून जाड सोलापुरी चादर लावली तर उजेड अडतो, पण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, ते चादर तापवतं आणि चादर खोली. थोपवायचं ते बाहेरच.

दीड-दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंतीत उष्णता आत यायला दहाएक तास लागतात. अशा भिंतीला इन्सुलेशन नको, बाहेरून फिका चुना द्या. दगडांमधल्या दर्जा (सांध्यांतला मसाला) निघाल्या असतील तर त्या चुन्याच्या मसाल्याने भरा. सिमेंटचं प्लास्टर ओल कोंडतं, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता वाहते. नंतर बांधलेली नऊ इंची विटेची पश्चिम भिंत मात्र संध्याकाळी चांगलीच तापते, तिला बाहेरून सावली हवी: वेल, नेट, किंवा जागा असेल तर कडुनिंब.

झरोके शोधा. जुन्या खोल्यांत छताखाली छोटी भोकं असतात, जी धूळ, उंदीर किंवा चोरी यांच्या भीतीने विटांनी बुजवलेली दिसतात. ती उघडून गज आणि बारीक जाळी बसवा. खाली खिडकी आणि वर झरोका, अशी जोडी असली की वारा नसतानाही हवा चढते. उदबत्ती पेटवून झरोक्याशी धरा. धूर बाहेर ओढला जातोय का ते लगेच दिसतं. मेमध्ये रात्री बाहेरचं तापमान २५-२६ अंशांवर येतं, ती थंडी फुकटची आहे. रात्री आठनंतर सगळं उघडं, सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद. दिवसा "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या तर ४२ अंशांची झळ आत घेतली जाते. दिवसा दारांच्या फटींवरही उदबत्ती फिरवा आणि जिथे धूर आत लोटला जातो तिथे रबरी पट्टी लावा.

पंखे, कूलर, एसी

जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज घेणारा) ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. जो सगळ्यात जास्त चालतो तोच आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नाही. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर चालत नाही, वायरमनला तो काढून थेट जोडायला सांगा. पंखा नुसता मंद फिरत असेल तर आधी कपॅसिटर बदला, बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा. माळवदाच्या सऱ्याला पंखा टांगताना तो सरा वरच्या पेचकसाच्या चाचणीत पास झालेला हवा.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे फार गुणी यंत्र आहे. बाहेर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देतो, तेही १५०-२०० वॉटमध्ये. जूनमध्ये ३५ अंश आणि ५५ टक्के झाली की तो २९-३० च्या खाली जात नाही आणि वरून दमटपणा वाढवतो. मग पंखाच बरा. माप असं काढा: खोलीचे घनफूट भागिले दोन, तेवढे सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). १२ बाय १५ बाय १० ची खोली १८०० घनफूट, म्हणून ९०० सीएफएम पुरे. कूलर खिडकीबाहेर सावलीत ठेवा आणि समोरच्या बाजूला किमान त्याच्या तोंडाएवढी खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीतला कूलर अर्ध्या तासात घाम आणतो. एवढा कूलर कडक दुपारी तासाला नऊएक लिटर पाणी उडवतो, आठ तासांना सत्तर लिटर. हौदाचा हिशेब त्याप्रमाणे ठेवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर दोन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर क्षार पॅडवर बसून हवा अडते.

एसी घ्यायचाच तर छताचं काम झाल्यावर घ्या, आणि शक्यतो माळवदाच्या किंवा इन्सुलेशन केलेल्या खोलीत लावा. दीड टनाऐवजी एक टन पुरेल. २४ अंशांवर ठेवा आणि पंखा सोबत चालवा.

सोलर

छत, पंखे, फ्रिज यांची कामं झाल्यावर एक उन्हाळा जाऊ द्या आणि नवे बारा महिन्यांचे आकडे घ्या. एक किलोवॉट दिवसाला चारएक युनिट देतो आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. आधी ३ किलोवॉट लागतील असं वाटणाऱ्या घराला सुधारणांनंतर २ पुरू शकतात. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा जास्तीचा फायदा, म्हणून जी खोली सगळ्यात तापते तिच्याच वर पॅनेल घ्या आणि खाली हवा खेळायला फूटभर मोकळं ठेवा. माळवदावर मात्र सांगाडा उभा करू नका. वजनापेक्षा वावटळीत पॅनेल वर उचललं जाण्याचा धोका मोठा असतो आणि मातीत बोल्ट धरत नाही. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग झाल्यानंतर सांगाड्यासाठी भोकं पाडू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे स्लॅबवर ठेवून त्यात पाय बसवायला सांगा, आणि हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.